लाकडी यान, फुगलेला सूट: मॉक-अपच्या चाचणीत नेमकं काय तपासायचं?

प्रश्न विचारणारा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा गट आहे आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानाची केबिन आणि हॅच, म्हणजे आत-बाहेर करायचं झडपेसारखं दार, त्यांना प्लायवुडमध्ये पूर्ण आकारात करायची आहे. गाइडचं म्हणणं असं, की हे सगळं आता कॅडमध्ये होतं, व्हीआर हेडसेट लावून आत फिरताही येतं, मग सुतारकामात सेमिस्टर का घालवायचं? त्यावर या मुलाचा दुसरा प्रश्न: लाकडी यानात सूट घातलेल्या अंतराळवीरांना चढवून चाचण्या घेतात, त्यात नेमकं मोजतात काय? आणि या सगळ्याचा भारताशी काय संबंध?

मी गेली चोवीस वर्षं माणूस बसतो किंवा उभा राहतो त्या जागांचे मॉक-अप, म्हणजे पूर्ण आकाराच्या नकला, करते आणि त्यांत माणसं घालून चाचण्या घेते. लष्करी वाहनांच्या केबिन, हेलिकॉप्टरचं कॉकपिट, आणि मधली काही वर्षं दाब भरलेल्या सूटमधल्या माणसांबरोबरचं काम. प्रत्यक्ष अंतराळात गेलेल्या यानावर मी काम केलेलं नाही. पण या क्षेत्रात आलेला प्रत्येक जण अमेरिकेच्या अपोलो चांद्रमोहिमांतल्या लँडरच्या, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या मॉक-अपचा इतिहास वाचूनच पुढे जातो, आणि तुमचा विषयही तोच आहे. म्हणून उत्तर त्याच्याच आधाराने देते.

आधी गाइडच्या आक्षेपाबद्दल. तो अर्धा बरोबर आहे. खिडकीतून काय दिसतं, पॅनेल कुठे असावं, उंच आणि बुटक्या माणसाचा हात कुठवर पोचतो, हे आज संगणकावर छान कळतं आणि तिथेच करावं. पण व्हीआरमध्ये पाठीवरचं ओझं चौकटीला अडकत नाही. गुडघा टेकत नाही. दम लागत नाही. तुम्ही आभासी भिंतीतून आरपार जाता आणि तुम्हाला ते कळतही नाही. मॉक-अप हवा असतो तो सूट, माणूस आणि यान एकमेकांना घासतात त्या ठिकाणांसाठी. तेव्हा तुमचा खरा प्रश्न 'लाकूड की संगणक' हा नाही. 'कोणत्या प्रश्नाचं उत्तर मला शरीराकडूनच हवं आहे', हा आहे. तो एका वाक्यात लिहिता आला नाही, तर प्लायवुड आणू नका.

आता सूट. बहुतेकांची पहिली चूक इथे होते, कारण सूट म्हणजे जाड कपडे असं ते धरून चालतात. अपोलोच्या सूटमध्ये चंद्रावर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.२६ किलो दाब असायचा. आकडा फार वाटत नाही. पण तळहाताएवढं, म्हणजे शंभरेक चौरस सेंटीमीटरचं कापड घेतलं, तर त्यावर आतून २६ किलोंचा रेटा पडतो. असा सूट घातलेला माणूस फुगवलेल्या ट्यूबच्या आत राहतो. कोपर वाकवलं की बाहीच्या आतली जागा कमी होते, म्हणजे प्रत्येक वेळी हवा दाबावी लागते, आणि हात सोडला की सूट त्याला परत स्वतःच्या ठरलेल्या जागी नेतो. सांध्यांवर भात्यासारख्या घड्या घालतात त्या याचसाठी, की वाकताना आतली जागा शक्य तितकी तेवढीच राहावी. तरीही मूठ मिटणं हे काम होऊन बसतं. रबरी चेंडू दाबत दाबत वीस मिनिटं कपाटातल्या वस्तू लावायला घ्या, म्हणजे थोडा अंदाज येईल.

जमिनीवर चाचणी घेताना बाहेर वातावरण असतंच. मग सूटच्या आत बाहेरच्यापेक्षा तेवढाच जास्त दाब भरतात. फरक तोच राहिला, की ताठरपणाही जवळपास तोच राहतो. म्हणून एकच काम तीन अवस्थांत करून पाहायचं असतं: साध्या कपड्यांत, सूट घालून पण दाब न भरता, आणि दाब भरून. पहिल्या दोन अवस्थांमधला फरक जाडीचा, दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला ताठरपणाचा. हे वेगळं काढलं नाही, तर हॅच मोठी करायची की हँडल हलवायचं, हे ठरवता येत नाही.

दाबाने काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मॉक-अपमधलं नाही, प्रत्यक्ष अंतराळातलं आहे. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव व्होसखोद-२ यानातून बाहेर पडले. निर्वात अवकाशात सूट इतका फुगला, की बोटं हातमोज्यांच्या टोकांपासून मागे सरकली आणि ठरल्या पद्धतीने एअरलॉकमध्ये, म्हणजे यान आणि अवकाश यांच्या मधल्या दोन दारांच्या कोठडीत, परत शिरणं जमेना. त्यांनी सूटमधला दाब उतरवला, आणि त्यांच्या सांगण्यानुसार पाय आधी न घालता डोकं आधी घालून ते आत गेले, मग त्या अरुंद नळकांड्यात उलटे फिरले. हा प्रसंग मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. एअरलॉकचा व्यास कागदावर पुरेसा होता. माणसाचा आकार कागदावरचा राहिला नव्हता.

आता तुमच्या विषयाचं मूळ. ग्रमन कंपनीला चांद्र-लँडरचं काम नोव्हेंबर १९६२ मध्ये मिळालं, आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बेथपेज इथल्या त्यांच्या कारखान्यात पूर्ण आकाराचे मॉक-अप एकामागून एक उभे राहिले. एम-१ हा केबिनचा लाकडी मॉक-अप १९६३ मध्ये तपासला गेला, टीएम-१ मार्च १९६४ मध्ये, आणि धातूचा, बारीकसारीक तपशिलांचा एम-५ ऑक्टोबर १९६४ मध्ये. हा क्रम लक्षात ठेवा. लाकूड आधी, धातू नंतर. लाकडी असताना केबिनचा अंतर्भाग हलवणं म्हणजे करवत आणि एक दुपार. एम-५ च्या वेळीही शंभराहून जास्त बदल सुचवले गेले, पण तोवर मोठे प्रश्न बहुतेक हातावेगळे झाले होते.

मोठे प्रश्न म्हणजे कोणते? सुरुवातीच्या आराखड्यात दोन्ही अंतराळवीरांसाठी खुर्च्या होत्या आणि समोर मोठ्या खिडक्या. काचा जड, खुर्च्या जड, आणि सूट घातलेला माणूस खुर्चीत बसला की खिडकीपासून लांब. मग खुर्च्याच काढून टाकल्या. माणूस उभा राहिला, चेहरा खिडकीजवळ गेला, आणि छोट्या त्रिकोणी खिडकीतूनही खालची जमीन भरपूर दिसू लागली. उतरतानाचा धक्का काही प्रमाणात पायांनी झेलायचा आणि कमरेला दोरांचे बंध लावून शरीर जागेवर ठेवायचं, असं ठरलं. चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणून हे शक्य होतं. मला स्वतःला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर निर्णय वाटतो. वजन वाचवण्यासाठी झगडणाऱ्या माणसांनी 'खुर्ची हलकी कशी करू' हा प्रश्न बाजूला ठेवून 'खुर्ची कशाला हवी' असं विचारलं. आणि सूट घालून उभं राहून हात कुठे पोचतात, काय दिसतं, हे लगेच करून पाहायला मॉक-अप समोर होता.

दुसरा प्रश्न हॅचचा, आणि तुम्ही नेमकं तेच करताय म्हणून इथे जरा थांबते. समोरची हॅच आधी गोल होती. कारण साधं होतं: तिथूनही मुख्य यानाला जोडणी करायचा बेत होता, आणि जोडणीचा मार्ग गोल असतो. नंतर समोरून जोडणी करायचा बेत रद्द झाला, पण आकार तसाच राहून गेला होता. १९६४ च्या चाचण्यांत सूट आणि पाठीवरचं जीवरक्षक यंत्र घालून त्या गोल भोकातून जायचा प्रयत्न झाला, तेव्हा लक्षात आलं की माणूस अडकतो. अडकणारच. ते यंत्र साधारण ६६ सेंटीमीटर उंच, ४६ रुंद आणि २५ जाड अशी पेटी होती. हातागुडघ्यांवर रांगणाऱ्या माणसाच्या पाठीवर पेटी ठेवली, की त्याचा आडवा छेद चौकोनाकडे झुकतो आणि कोपरे वर्तुळाला घासतात.

हिशोब तुम्हीच करून बघा. ८१ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात बसणाऱ्या सगळ्यात मोठ्या चौरसाची बाजू जेमतेम ५७ येते. तेवढ्याच ८१ सेंटीमीटर बाजूची चौकोनी हॅच केली, की क्षेत्रफळ सव्वापटीहून थोडं जास्त होतं, आणि वाढलेलं सगळं क्षेत्र कोपऱ्यांत असतं, म्हणजे नेमकं हवं तिथे. शेवटची हॅच साधारण ८१ सेंटीमीटरची चौकोनीच झाली. हे गणित कुणालाही आधीच करता आलं असतं, असं वाटेल. पण माणूस त्या भोकातून कोणत्या पवित्र्यात जाणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. तोंड पुढे की पाठ पुढे, उताणा की पालथा? पवित्रा कळल्याशिवाय छेद कळत नाही, आणि पवित्रा मॉक-अपवरच सापडतो.

खाली उतरण्याचंही तसंच. सुरुवातीला दोर आणि कप्पीच्या आधाराने उतरायची कल्पना होती. केबल लावून वजन हलकं करणाऱ्या एका जुळणीत माणसाला टांगून एक षष्ठांश वजनात ते करून पाहिलं, आणि फुगलेल्या हातमोज्यांनी दोर धरणं व्यवहार्य नाही हे उघड झालं. त्यातून हॅचबाहेरचा छोटा ओटा आणि यानाच्या पायावरची शिडी आली. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग ज्या शिडीवरून उलटे उतरले ती ही. ओट्यावर येताना मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून आतून बझ ऑल्ड्रिन डावीउजवीकडे किती सरकायचं ते सांगत होते. दोघांपैकी आर्मस्ट्राँग आधी बाहेर पडले याचं एक कारणही यातच आहे: हॅच आतल्या बाजूला, ऑल्ड्रिन यांच्याकडे उघडायची, आणि ती उघडली की त्यांचा रस्ता बंद.

आता मॉक-अपच्या मर्यादा. अनुभवी लोकही इथे फसतात.

पहिली मर्यादा गुरुत्वाकर्षणाची. चंद्रावर वापरलेला सूट आणि पाठीवरचं यंत्र मिळून पृथ्वीवर ८०-९० किलो भरायचं. एवढं ओझं घेऊन साध्या मॉक-अपमध्ये चढवलेला माणूस वजनामुळे थकतो की आकारामुळे, हे कळणारच नाही. म्हणून वेगवेगळ्या युक्त्या. नासाच्या लँग्ली केंद्रात एक जुळणी होती, त्यात माणसाला आडवा टांगून तिरक्या भिंतीवर चालवायचे. भिंत उभ्या रेषेपासून ९.५ अंश कललेली; त्या कोनाची साइन किंमत काढा, ०.१६५ येते, म्हणजे एक षष्ठांश. विमानाला वरखाली झोके देऊन वीस-पंचवीस सेकंद वजनरहित अवस्था मिळते. आणि पाण्यात तरंगतं-बुडतं संतुलन साधून तासन्‌तास काम करता येतं. यातलं प्रत्येक साधन एक गोष्ट खरी दाखवतं आणि दुसरी खोटी. विमानातल्या झोक्यांमध्ये मधे विश्रांती मिळते, त्यामुळे थकवा लपतो. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ए या, अपोलोच्या आधीच्या अमेरिकी यानातून बाहेर पडलेले अंतराळवीर यूजीन सर्नन इतके दमले, की हेल्मेटची काच वाफेने भरून गेली आणि काम सोडून आत यावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ च्या आधी ऑल्ड्रिन यांनी पाण्याखाली सलग सराव केला, पाय अडकवायला आणि धरायला जागा वाढवल्या गेल्या, आणि काम सुरळीत झालं. पाण्याचा दोष वेगळा: ते हालचालीला अडवतं, त्यामुळे अंतराळात जो भरकटला असता तो इथे स्थिर वाटतो.

दुसरी मर्यादा माणसाची निवड. जेमिनीची केबिन आखताना अंतराळवीर गस ग्रिसम यांचा सहभाग इतका होता, की त्यांचे सहकारी तिला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. ग्रिसम उंचीने कमी होते. पुढे लक्षात आलं की सोळापैकी चौदा अंतराळवीर त्या जागेत नीट मावत नाहीत, आणि आतली रचना बदलावी लागली. तुमच्या चौघांत सगळे साडेपाच-पावणेसहा फुटी मुलगे असतील, तर तुमचं मॉक-अप फक्त तुमच्यासाठी बरोबर ठरेल. वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी आणि सगळ्यात उंच, रुंद खांद्यांचा मुलगा, दोघांनाही बोलवा. बुटकी व्यक्ती हात पोचतो का ते सांगते, उंच व्यक्ती मावते का ते सांगते. मधल्या उंचीचा माणूस कशाबद्दलच तक्रार करत नाही.

तिसरी मर्यादा मला माझ्या कामात शिकावी लागली. चाचणीला येणारी माणसं, वैमानिक तर विशेषच, अडचणीवर मात करणारी असतात. हँडल चुकीच्या जागी असेल तर ते अंग वळवून, श्वास रोखून, बोटांच्या टोकांनी ते ओढतात आणि म्हणतात, "जमतंय की." एका केबिनच्या चाचणीत सहाही जणांनी एक आपत्कालीन हँडल ओढून दाखवलं. आम्ही 'उत्तीर्ण' लिहिलं. महिन्याने व्हिडिओ बघताना दिसलं, की सहाही जण हँडल शोधताना मान खाली घालत होते आणि छातीवरच्या पेटीमुळे ते त्यांना दिसतच नव्हतं. सगळे चाचपडून पोचत होते. अंधारात, धुरात ते सापडलं नसतं. तेव्हापासून मी 'जमलं का' हा प्रश्न विचारत नाही. 'किती जोर लागला, कुठे थांबलात, हे दहा वेळा सलग करायचं झालं तर कितव्यांदा सोडाल', असं विचारते. आकड्यात हवं असेल तर वैमानिकांसाठी १९६९ साली रूढ झालेली कूपर-हार्पर मोजपट्टी आहे, काम किती सोपं किंवा अवघड गेलं ते सांगणारी, १ ते १० ची; तिची सुधारित रूपं अशा चाचण्यांत चालतात. पण आकड्याबरोबर व्हिडिओ हवाच. आणि पहिल्या प्रयत्नावर कधीही निष्कर्ष काढू नका. पहिल्यांदा माणूस ताजा आणि सावध असतो. पाचव्यांदा कोपर खाली येतं, पाठ चौकटीला लागते, आणि यान खरं बोलायला लागतं.

शेवटची मर्यादा अशी, की काही गोष्टी चांगल्या मॉक-अपलाही दिसत नाहीत. चंद्रावरून परतायच्या आधी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना चंद्रावरून वर नेणाऱ्या इंजिनाशी संबंधित एका सर्किट ब्रेकरची कळ तुटलेली आढळली, बहुधा पाठीवरच्या यंत्राचा धक्का लागून. ऑल्ड्रिन यांनी पेनाच्या टोकाने तो आत ढकलला. शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून बरीच उंच राहिली, कारण यानाच्या पायांतले धक्काशोषक दबतील असं गृहीत होतं आणि आर्मस्ट्राँग यांनी यान फारच अलगद उतरवलं. म्हणून आम्ही चाचणीच्या यादीत हेतुपुरस्सर बेशिस्त भाग ठेवतो: पाच मिनिटं आत इकडेतिकडे वळा, कशालाही लागू दे, आणि काय काय लागलं ते खडूने खुणवा. पाठीच्या पेटीला ओला खडू फासला, तर खुणा आपोआप उमटतात.

भारताशी संबंध विचारलात म्हणून सांगते. गगनयानातले सूट चंद्रावर चालण्याचे नाहीत, यानाच्या आत घालायचे आहेत. ते एरवी फुगलेले नसतात, पण केबिनचा दाब गेलाच तर त्याच फुगलेल्या अवस्थेत आसनाला बांधलेल्या माणसाला बटणं दाबता आली पाहिजेत. असा सूट जागाही खातो. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ या सोव्हिएत यानातला दाब गेला आणि अंगावर सूट नसल्यामुळे तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले, त्यानंतर सोयुझमध्ये सूट आले आणि काही वर्षं तिघांऐवजी दोघांनीच प्रवास केला. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले ते सुधारलेल्या सोयुझ-टी मधून, तिघे आणि तिघांनाही सूट. आणि हे लाकडी काम जुनं झालं असं गाइडना वाटत असेल, तर त्यांना सांगा: ३० एप्रिल २०२४ रोजी डग व्हीलॉक आणि पेगी व्हिटसन यांनी ॲक्सिअम या कंपनीचे नवे चांद्र-सूट दाब भरून घातले आणि स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप यानाच्या चांद्र-लँडरच्या पूर्ण आकाराच्या मॉक-अपमध्ये एअरलॉक, लिफ्ट वगैरे तपासून पाहिले. अपोलोनंतर अशा प्रकारची ती पहिली चाचणी होती.

आता तुमच्या प्रकल्पाकडे. सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती: हवा भरलेला सूट स्वतः बनवायच्या फंदात अजिबात पडू नका. बंद हेल्मेटमध्ये उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, उष्णता साठते, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत बाहेरच्यांना कळत नाही. आमच्याकडे सूट हाताळणारा स्वतंत्र तंत्रज्ञ, सतत बोलणारा एक जण आणि दोन्ही बाजूंना धरणारे दोघे असल्याशिवाय चाचणी सुरू होत नाही. तुम्ही ताठरपणाची नक्कल करा: दोन-तीन जाड जॅकेट एकावर एक, कोपर आणि गुडघ्यांवर फोमच्या नळ्या, वेल्डिंगचे हातमोजे, आणि पाठीवर वर दिलेल्या मापाची थर्माकोलची पेटी. डोक्यावर बघायला अडवेल अशी पुठ्ठ्याची चौकट चालेल, तोंड मोकळं राहिलं पाहिजे. अहवालात हे स्पष्ट लिहा, की जाडी आणि अडथळा तुम्ही तपासलात, दाब तपासला नाही.

मॉक-अप रंगवू नका. ही माझी ठाम समजूत आहे. गुळगुळीत, रंगवलेल्या मॉक-अपला नावं ठेवायला लोक कचरतात, कुणीतरी एवढी मेहनत घेतली आहे असं त्यांना वाटतं. पेन्सिलच्या खुणा असलेल्या कच्च्या प्लायवुडसमोर तोच माणूस बिनधास्त सांगतो की हे इथे नको. गोल आणि चौकोनी दोन्ही हॅच करा, माणसं त्याच क्रमाने न पाठवता निम्म्यांना आधी गोल आणि निम्म्यांना आधी चौकोनी द्या, नाहीतर दुसरी हॅच नुसत्या सरावानेच सोपी वाटेल. आणि हॅचच्या चौकटी स्क्रूने बसवा, फेविकॉल लावू नका. पहिल्याच दिवशी दुपारनंतर तुम्हाला त्या काढाव्या लागतील.